देवाशी बोलणे आणि लोकांनी ऐकणे : मराठी धार्मिक निरूपणातील श्रोत्याचे स्थान

धार्मिक निष्ठा ही व्यक्तीच्या अथवा संप्रदायाच्या अंतरंगाची बाब असते. ती ज्या भाषेत सांगावयाची ती भाषा मात्र सर्वांची असते. या दोहोंतील अंतर कसे ओलांडावे, हा प्रश्न प्रत्येक धर्मपरंपरेला पडलेला आहे. मराठीत त्याचे एक ठरीव उत्तर दिले जाते : संतांनी लोकांच्या सोप्या भाषेत सांगितले, म्हणून ते लोकांपर्यंत पोहोचले. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पूर्ण झालेली ‘ज्ञानेश्वरी’ कोणत्याही काळात सोपी नव्हती. तिचे पारायण करणाऱ्या बहुसंख्य वाचकांना तिच्यातील अद्वैतविचार सगळा उलगडतो असे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही ती सातशे वर्षे समूहात वाचली जात आहे. उलट, अत्यंत सोप्या भाषेत लिहिलेली कितीतरी धर्मविषयक पुस्तके संप्रदायाच्या कुंपणाबाहेर कधीच गेली नाहीत. याचा अर्थ, संप्रेषणाचे रहस्य भाषेच्या सुलभतेपेक्षा अन्यत्र शोधावयास हवे. ते संबोधनाच्या रचनेत, म्हणजे कोण कोणाला उद्देशून बोलतो आणि ते कोण ऐकतो या संबंधात, असावे असे येथे सुचवावयाचे आहे.

भाषा आणि संप्रेषण यांना एकच मानण्यातील धोका महानुभाव परंपरेच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. चक्रधरांनी मराठीत निरूपण केले. त्यांच्या पश्चात संस्कृतात लिहू-विचारू पाहणाऱ्या पंडित शिष्याला नागदेवाचार्यांनी रोखले आणि संस्कृतामुळे साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला वंचित होतील असे कारण दिले. ‘स्मृतिस्थळा’तील हा प्रसंग प्रसिद्ध आहे. श्रोत्याचा इतका स्पष्ट विचार तेराव्या-चौदाव्या शतकांतील अन्य भारतीय भाषांतही क्वचितच आढळेल. परंतु याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांनी या लिपीची उकल करीपर्यंत पंथाबाहेरचा मराठी वाचक या वाङ्मयाला जवळजवळ पारखा होता. त्यामागची ऐतिहासिक कारणे काहीही असोत, निष्कर्ष एवढाच की, लोकभाषा स्वीकारणे आणि लोकांना श्रोते म्हणून स्वीकारणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप होते असे नाही.

(१)

या प्रश्नाचा विचार करण्यास मराठवाड्याचा दक्षिण सीमाभाग विशेष उपयुक्त आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरूम हे गाव त्या भागाचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. त्याच्या पूर्वेला कर्नाटकातील बसवकल्याण, दक्षिणेला आळंद आणि त्यापलीकडे ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्याचे कलबुर्गी. पश्चिमेला तुळजाभवानीचे तुळजापूर, वायव्येला गोरा कुंभारांचे तेर. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने त्यातून सीमारेषा काढली. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू अशी स्थिती असलेल्या पिढ्या या भागात होऊन गेल्या. अशा ठिकाणी धर्मविषयक बोलणे कधीही केवळ स्वकीयांनाच ऐकू येत नाही. लिंगायतांचे भजन वारकऱ्याच्या कानी पडते, वारकऱ्यांचे कीर्तन मुसलमान शेजारी ऐकतो आणि आराध्यांची संबळ सर्वांनाच ऐकू जाते. ‘व्यापक श्रोतृवर्ग’ ही येथे मुद्दाम निर्माण करण्याची गोष्ट नसून वस्तुस्थिती आहे.

या भागातील लिंगायत वा वीरशैव परंपरेचा मराठी प्रवास या दृष्टीने लक्षणीय ठरतो. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वर, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि विविध व्यवसायांतील शरण यांनी कन्नड वचने रचली. वचन हा छंदोबद्ध प्रकार नव्हे. बोलण्याच्या लयीतील, आटोपशीर, एकाच विचाराचा घाव घालणारे असे ते उद्गार आहेत. वचनाच्या शेवटी येणारी नाममुद्रा रचनाकाराच्या नावाची नसून बहुधा त्याच्या इष्टदेवतेच्या नावाची असते. बसवेश्वरांच्या वचनांत ती ‘कूडलसंगमदेव’ अशी आहे. म्हणजे वचन प्रथमतः देवाला उद्देशून असते. त्यात दांभिकावर, जातिभेदावर, धनिकाच्या देऊळ बांधण्यावर कितीही कठोर टीका असली तरी ती देवाच्या साक्षीने, देवाशी बोलता बोलता केलेली असते. समाज ती ऐकतो. परंतु समाजाला समोर उभे करून दिलेले ते व्याख्यान नव्हे.

हा विचार मराठीत आला तेव्हा त्याचे रूप पालटले. सोळाव्या-सतराव्या शतकांत मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ या ग्रंथातून वीरशैव तत्त्वज्ञान आणि आचार ओवीबद्ध मराठीत मांडला. बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे त्यांची समाधी आहे आणि कार्तिकातील यात्रेला मराठवाड्यातून दिंड्या तेथे जातात. वचनाकडून ओवीकडे झालेल्या या स्थित्यंतरात काही हरवले आणि काही मिळाले. हरवली ती वचनाची धार, त्याचे सुटे आणि अनपेक्षित असणे. ओवी ही सलग चालते. ती एक मुद्दा दुसऱ्याला जोडते, समजावते, दृष्टान्त देते. वचनातील बंडखोर ‘मी’ तीत मागे सरतो आणि शास्त्र सांगणारा गुरू पुढे येतो. मिळाले ते स्मरण आणि सामूहिकता. ओवी समूहाने म्हणता येते, रोज नेमाने वाचता येते. न वाचता येणाऱ्यालाही ती शेजाऱ्याच्या आवाजावर आपला आवाज ठेवून म्हणता येते.

या लाभाचे दृश्य रूप म्हणजे लातूर, धाराशिव, नांदेड या जिल्ह्यांत गावोगाव होणारे अखंड शिवनाम सप्ताह. त्यांत ‘परमरहस्य’चे पारायण, शिवपाठ, प्रवचन, भजन आणि रात्री शिवकीर्तन असा क्रम असतो. अहमदपूरचे शिवलिंग शिवाचार्य महाराज (निधन २०२०) यांनी या परंपरेच्या प्रसारात दीर्घकाळ घातलेली भर सर्वज्ञात आहे. वारकऱ्यांच्या हरिनाम सप्ताहाशी या रचनेचे साम्य उघड आहे : ज्ञानेश्वरीच्या जागी परमरहस्य, हरिपाठाच्या जागी शिवपाठ, हरिकीर्तनाच्या जागी शिवकीर्तन. या साम्याकडे केवळ अनुकरण म्हणून पाहणे वरवरचे होईल. येथे एका परंपरेने दुसरीचा सिद्धान्त घेतलेला नाही. इष्टलिंगाची उपासना इष्टलिंगाचीच राहिली, विठ्ठलाची झाली नाही. सामाईक आहे तो श्रवणाचा साचा : सात दिवसांची मुदत, सामुदायिक वाचन, एका रचनेभोवती उलगडणारे निरूपण आणि अखेरीस सर्व गावाचे जेवण. मराठवाड्यातील श्रोत्याला कसे ऐकावे हे ज्या साच्याने आधीच शिकविले होते, त्याच साच्यात आपली निष्ठा मांडली गेली. संप्रेषणाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. कारण नवा विचार आणि नवी श्रवणपद्धती ही दोन्ही ओझी श्रोत्यावर एकाच वेळी टाकली तर तो दोन्ही खाली ठेवतो.

(२)

या साच्यात असे काय आहे की, निष्ठा पातळ न करता ती परक्यालाही ऐकवता यावी? वारकरी कीर्तनाची रचना पाहिल्यास त्याचे उत्तर सापडते. कीर्तनकार एक अभंग घेतो. टाळकरी, पखवाजी आणि वीणेकरी यांच्या साथीने तो गायिला जातो. मग एकेका चरणाचे निरूपण होते आणि पुनःपुन्हा अभंगाकडे परतणे होते. येथे दोन स्तर स्पष्टपणे वेगळे आहेत. अभंग हा पुष्कळदा देवाला, स्वतःच्या मनाला अथवा दुसऱ्या संताला उद्देशून असतो. निरूपण मात्र समोर बसलेल्या लोकांना उद्देशून असते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८३३ मध्ये वक्तृत्व आणि काव्य यांत भेद करताना म्हटले होते की, वक्तृत्व ऐकविले जाते, काव्य मात्र ओझरते कानावर पडते. हा भेद भावगीतापुरता मर्यादित मानला गेला आहे. परंतु कीर्तनात हे दोन्ही व्यापार एकाच वेळी, एकाच मंडपात चालतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. अभंग कानावर पडतो, निरूपण ऐकविले जाते.

या द्विस्तरीय रचनेमुळे श्रोत्याला एक मोकळीक मिळते. देवाशी चाललेले बोलणे ऐकणाऱ्यावर ‘तूही मान’ असे दडपण नसते. तो साक्षी असतो. भट्टनायकाने मांडलेली साधारणीकरणाची कल्पना येथे उपयोगी पडते. अभंगातील आर्तता ही तुकोबांची न राहता, आणि ऐकणाऱ्याचीही खासगी न होता, उभयसाधारण होते. विठ्ठलावर ज्याची श्रद्धा नाही असा श्रोतादेखील तुकोबांच्या तळमळीत सहभागी होऊ शकतो, कारण तेथे त्याच्याकडून संमतीची अपेक्षा केलेली नसते. त्यानंतर येणारे निरूपण त्याला कारणे देते, दृष्टान्त देते, व्यवहारातले दाखले देते. प्रथम अनुभव आणि मग युक्तिवाद असा हा क्रम आहे. निव्वळ प्रचाराचा क्रम याच्या उलट असतो : तेथे प्रथम प्रतिपादन येते आणि अनुभव पुढे कधीतरी येईल असे आश्वासन असते.

‘ज्ञानेश्वरी’त या दोन्ही स्तरांची जाणीव आश्चर्यकारक सूक्ष्मतेने वावरते. नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, त्याच्या बदल्यात सर्व सुखाची ग्वाही देतात आणि लगेच स्वतःच्या या प्रौढीबद्दल संकोच व्यक्त करतात. आपण जाणत्यांपुढे लडिवाळपणे बोलत आहोत असा पवित्रा घेतात. अन्यत्र श्रोते त्यांना विषयाकडे परतण्यास सुचवितात, त्यांचे कौतुकही करतात. हे श्रोते अर्थातच संहितेने घडविलेले आहेत. पण त्यांना घडविताना त्यांच्या हाती अधिकार दिलेला आहे. ते कंटाळू शकतात, अडवू शकतात, दाद देऊ अथवा रोखू शकतात. ज्या निरूपणात श्रोत्याला ‘पुरे’ म्हणण्याची सोय असते, तेथेच त्याच्या ‘बरे’ म्हणण्याला अर्थ येतो.

(३)

या सूत्राची कसोटी पाहण्यासाठी मराठीतील एक वेगळे उदाहरण घ्यावयास हवे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेज्विट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सासष्टीतील नवख्रिस्ती समाजासाठी लिहिलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ मराठी पुराणरचनेचे सर्व संकेत पाळतो. नमन आहे, श्रोत्याची शंका आहे, गुरूचे उत्तर आहे, निसर्गाच्या उपमा आहेत. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरण्यासही कवी कचरत नाही. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. एका परक्या निष्ठेने मराठी श्रोत्याच्या श्रवणपद्धतीशी एवढे एकरूप व्हावे, हे कौशल्य थोर आहे यात शंका नाही.

परंतु येथे संहितेबाहेरचा एक प्रश्न अपरिहार्यपणे संहितेत शिरतो. सासष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. जुनी पुराणे ऐकण्याची वाट बंद झाली होती आणि तिच्या जागी काहीतरी हवे होते. ‘ख्रिस्तपुराणा’तील शंका विचारणारा ब्राह्मण श्रोता कितीही जिवंत वाटला तरी प्रत्यक्ष सासष्टीत ‘पुरे’ म्हणण्याची मुभा त्याला कितपत होती? अवधानाची विनंती आणि अवधानाची सक्ती यांत शैलीने फरक पडत नाही. तो परिस्थितीने पडतो. म्हणून स्टीफन्स यांच्या कृतीचा निवाडा दुहेरी करावा लागतो. ग्रंथ म्हणून तो श्रोत्याचा मान राखतो. ज्या व्यवस्थेत तो वाचला गेला ती व्यवस्था राखीत नव्हती. काव्य आपल्या काळाहून अधिक उदार असू शकते, याचा हा पुरावा आहे. त्याचबरोबर, संप्रेषणाची परिणामकारकता ही केवळ रूपसिद्धीने मोजता येणार नाही, हेही त्यातून निष्पन्न होते. पुढील काळात सत्तेनेच स्थानिक भाषांवर बंधने आणली. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज वापरण्याचा आदेश दिला, तेव्हा श्रोत्याच्या भाषेत बोलण्याची गरजही सत्तेला उरली नसल्याचे दिसून आले.

याच्या नेमके विरुद्ध टोक म्हणजे गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) कीर्तन. त्यांच्यापाशी ना मठ होता, ना सत्ता, ना ग्रंथ. त्यांचे कीर्तन हे प्रश्नांवर चालत असे. देव पाहिला काय, नवसाने मूल होते काय, कर्ज काढून लग्न करावे काय, असे एकामागून एक प्रश्न ते वऱ्हाडी बोलीत विचारीत आणि समुदायाकडून उत्तर मिळेपर्यंत थांबत. १९५६ मध्ये वांद्रे येथे झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात ही देवघेव ऐकावयास मिळते. त्यांचे कीर्तन म्हणजे समाजसुधारणेचे भाषण होते, असे अनेकदा म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. निरूपणाचा भाग तेथे वाढला होता हे खरे; पण मध्ये मध्ये येणारा नामाचा गजर त्यांनी कधी सोडला नाही. प्रश्नांनी श्रोत्याला अडचणीत आणल्यावर तो गजर त्याला पुन्हा समूहात घेई. देवळातल्या देवाविषयी इतके कठोर बोलणाऱ्या माणसाचे बोलणे भाविकांनी का सहन केले, याचे उत्तर या रचनेत आहे. बोलणारा बाहेरचा नव्हता. तो त्याच नामाच्या आत उभा राहून बोलत होता.

(४)

वरील विवेचनावर एक आक्षेप संभवतो. देवाशी बोलणे हाही एक अभिनय असू शकतो. डोळे मिटून, कंठ दाटून आणून श्रोत्यांना जिंकणारे वक्ते काही कमी नाहीत. मग ‘कानावर पडणारे’ आणि ‘ऐकविलेले’ यांतील भेद कसा ओळखावा? वक्त्याच्या अंतःकरणात शिरण्याचा अधिकार समीक्षेला नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. खूण संहितेतच मिळते. अभंग निरूपणाला विरोध करू शकतो की नाही, हे पाहावे. तुकोबांच्या गाथेत देवाशी भांडणारे, आपल्याला काहीच लाभले नाही असे कबूल करणारे, स्वतःच्या कीर्तीचा वीट आलेले कितीतरी अभंग आहेत. असा अभंग निवडून त्यातील शंका पुरती उलगडून दाखविणारा कीर्तनकार श्रोत्याच्या शंकेलाही जागा करून देतो. शंकेचा चरण घाईने ओलांडून समाधानाच्या चरणावर टाळ्या घेणारा कीर्तनकार अभंगाला आपल्या म्हणण्याचा दाखला बनवितो. पहिल्या ठिकाणी रचना वक्त्याहून मोठी राहते, दुसऱ्या ठिकाणी वक्ता रचनेहून मोठा होतो.

आजच्या काळात हा तोल ढळण्याची कारणे वाढली आहेत. ध्वनिक्षेपकाने आवाज शिवारापर्यंत नेला, पण त्याबरोबर उत्तर ऐकण्याची वक्त्याची गरज संपविली. ध्वनिफिती आणि पुढे भ्रमणध्वनीवरील चित्रफिती यांनी कीर्तन गावाच्या बाहेर नेले. हे सारेच हानिकारक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेतात काम करणारी स्त्री ज्याला मंडपात बसून कधी ऐकू शकली नसती असे निरूपण आज तिच्यापर्यंत पोहोचते. तथापि चित्रफितीसाठी कीर्तनातून जो तुकडा कापला जातो तो बहुधा निरूपणातला असतो : विनोद, सुनेवरची टोमणेबाजी, पुढाऱ्याची नक्कल. अभंग मागे राहतो. म्हणजे दोन स्तरांपैकी एकच प्रवास करतो. श्रोत्यांची संख्या वाढते, पण त्यांचे नाते प्रेक्षकाचे होते. काल्याच्या कीर्तनातील हास्याला परंपरेने स्थान दिलेच होते. पण ते सातव्या दिवशी, सहा दिवसांच्या श्रवणानंतर येत असे. सहा दिवस वगळून केवळ सातवा दिवस घ्यावयाचा, अशी आजची रीत होत चालली आहे.

धार्मिक निरूपणापुढील सर्वांत कठीण प्रसंग मात्र लोकप्रियतेचा नसून दुःखाचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. उमरगा आणि औसा या तालुक्यांना त्याचा सर्वाधिक तडाखा बसला. हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गेली. अशा वेळी मुरूमसारख्या गावातील मंडपात उभ्या राहणाऱ्या कीर्तनकाराने वा शिवकीर्तनकाराने काय बोलावे? पापाचे फळ, कर्माचा भोग ही सिद्धान्ताची उत्तरे तयार असतात. ती तर्कशुद्धही असू शकतात. परंतु ज्याचे घर गेले त्याला उद्देशून ती उच्चारली की निष्ठेचे रूपांतर क्रौर्यात होते. येथे देवाला उद्देशून केलेल्या बोलण्याचे मोल कळते. देवाला जाब विचारणारा अभंग वा वचन दुःखिताच्या वतीने बोलते. त्याच्याशी बोलत नाही. शोकाकुलाला समजावण्याऐवजी ते त्याच्या शेजारी उभे राहते. ज्या परंपरेने अशा रचना जपल्या तिच्यापाशी दुःखाच्या वेळी काही सांगण्यासारखे उरते. केवळ सिद्धान्त जपणाऱ्या परंपरेला अशा वेळी मौनच शोभते.

यावरून धार्मिक संप्रेषणाच्या मूल्यमापनाचे काही निकष हाती येतात. निष्ठा मांडणाऱ्याने श्रोत्याची श्रवणपद्धती स्वीकारली आहे काय, हे प्रथम पाहावे. शिवनाम सप्ताहांनी आणि स्टीफन्स यांनी, अत्यंत भिन्न परिस्थितीत, ती स्वीकारली. दुसरे, श्रोत्याला नकाराची मुभा आहे काय, हे पाहावे. येथे संहितेबरोबर परिस्थितीचाही निवाडा करावा लागतो. तिसरे, मूळ रचनेला निरूपणकाराविरुद्ध उभे राहण्याचे सामर्थ्य शिल्लक ठेवले आहे काय. भाषेची सुलभता या तिन्हींनंतर येते. संतवाङ्मयाच्या अभ्यासात आजवर तत्त्वज्ञान, भाषा आणि समाजप्रबोधन यांवर विपुल लेखन झाले. संबोधनरचनेचा आणि श्रवणपद्धतीचा अभ्यास त्या मानाने उपेक्षित राहिला. सीमाभागातील गावांत हरिनाम आणि शिवनाम असे दोन सप्ताह वर्षातून एकाच चौकात, पुष्कळदा त्याच श्रोत्यांसमोर होतात. त्यांत कोणत्या रचना निवडल्या जातात, कोणते चरण ओलांडले जातात आणि श्रोते कोठे थांबून दाद देतात, याची काळजीपूर्वक नोंद झाली, तर मराठी समीक्षेला श्रोत्याविषयी पुष्कळ नवे सांगता येईल.